दगड वाहणारा पट्टा : ऑग्डेन्सबर्ग ते दल्ली-राजहरा

रायपूरची पुरानी बस्ती ज्या प्रदेशात वसली आहे, तेथील चुनखडक शंभर कोटी वर्षांहून जुना आहे. अशा खडकाची खडी करताना क्रशरइतकेच महत्त्वाचे काम करतो तो रबरी पट्टा. त्याचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

अमेरिकेत ईलाय व्हिटनी ब्लेक यांनी 1858 मध्ये जबड्याच्या क्रशरचे पेटंट घेतले. दगड वेगाने फुटू लागला. तो तितक्याच वेगाने हलवायचा कसा, हा प्रश्न उरला. 1891 च्या सुमारास न्यू जर्सीतील ऑग्डेन्सबर्ग येथे थॉमस एडिसन यांच्या लोहखनिज कारखान्यात पातळ रबरी लेपाचे कापडी पट्टे वापरात होते आणि ते झपाट्याने झिजत. थॉमस रॉबिन्स यांच्या ध्यानात आले की रबरापेक्षा आतले सुती कापडच लवकर झिजते. त्यांनी वरच्या बाजूस रबराचा जाड थर दिला आणि कडेचे रोलर तिरपे बसवून पट्ट्याला पन्हळीचा आकार दिला. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात या पट्ट्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मऊ रबर टिकते, कारण आघाताखाली ते दबते आणि साठवलेली बरीचशी ऊर्जा परत करते. ताठ धागा तुटतो.

छत्तीसगडमध्ये या पट्ट्याला डोंगरउतार लाभला. बैलाच्या वशिंडासारख्या आकारावरून नाव पडलेल्या बैलाडिला डोंगररांगेत 1968 मध्ये यांत्रिक लोहखाण सुरू झाली. माथ्यावर फोडलेले खनिज पट्ट्यावरून पायथ्याकडे उतरू लागले. एक टन खनिज 100 मीटर उतरताना सुमारे 9.8 लाख ज्यूल, म्हणजे 0.27 युनिट, स्थितिज ऊर्जा मुक्त होते. गुरुत्वाची ओढ घर्षणाहून अधिक झाली, तर अशा पट्ट्याची मोटर जनित्र बनून वीज परत देऊ शकते.

या हिशेबात एक रकाना राहून जातो. पट्ट्यापूर्वी दगड टोपल्यांतून, माणसांच्या डोक्यावरून जात असे. एप्रिल 1978 मध्ये किरंदुल येथे, कामावरून कमी केलेल्या कंत्राटी मजुरांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. भिलाईला खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या मजुरांनी 1977 मध्येच शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभारला होता. संपूर्ण यांत्रिकीकरणाला त्यांनी विरोध केला, परंतु यंत्रालाच नकार दिला नाही. ‘अर्ध-यांत्रिकीकरण’ हा त्यांचा पर्याय होता : आवश्यक तेथे यंत्र, उरलेले काम माणसांच्या हाती.

अभियांत्रिकीच्या पुस्तकांत पट्ट्याची रुंदी, वेग आणि ताण यांची सूत्रे असतात. यंत्र कोणते काम करील आणि माणूस कोणते, हे कोणतेही सूत्र ठरवत नाही. दल्लीच्या मजुरांनी तो निर्णय चर्चेला आणला. तंत्रज्ञानाच्या इतिहासात रॉबिन्स यांच्या रबराशेजारी त्याचीही नोंद असायला हवी.