चलनबाजारातील तरलता : हजर व्यवहार आणि वायदे यांत फरक काय?

मुंबई : डॉलरचा भाव पडद्यावर दिसतो, मात्र त्या भावाने किती डॉलर खरोखर विकता येतील, हे बाजाराच्या तरलतेवर ठरते. भावात फारसा फरक न पडता मोठा व्यवहार तत्काळ पूर्ण होण्याची क्षमता म्हणजे तरलता. खरेदी व विक्रीच्या भावांतील तफावत आणि प्रत्येक भावाला उपलब्ध असलेली रक्कम हे तिचे दोन प्रमुख मापदंड होत.

हजर बाजार

हजर व्यवहार प्रामुख्याने बँकांमध्ये होतात आणि सर्वसाधारणपणे दोन कामकाजी दिवसांनी पूर्ण होतात. आंतरबँक सौद्याचे प्रचलित एकक १० लाख डॉलरचे असते. निर्यातदार, आयातदार, परकीय गुंतवणूकदार आणि रिझर्व्ह बँक यांची मागणी व पुरवठा येथे एकत्र येतो. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या एप्रिल २०२२ मधील पाहणीनुसार, जगभरातील शेअर बाजाराबाहेरील चलनव्यवहार दररोज सरासरी ७.५ लाख कोटी डॉलरचे होते, त्यांपैकी २.१ लाख कोटी डॉलरचे व्यवहार हजर होते.

ही खोली लहान ग्राहकाला मात्र थेट लाभत नाही. बँक आंतरबँक भावावर आपला नफा आकारते. ही दरी कमी करण्यासाठी ऑगस्ट २०१९ मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा ‘एफएक्स-रिटेल’ हा मंच सुरू झाला.

वायदे बाजार

भारतात डॉलर-रुपया वायदे २९ ऑगस्ट २००८ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात सुरू झाले. एक करार १,००० डॉलरचा असून भावातील किमान बदल ०.००२५ रुपयांचा, म्हणजेच प्रति करार अडीच रुपयांचा असतो. ५० हजार डॉलरची येणी असलेल्या निर्यातदाराला ५० करार विकून संरक्षण घेता येते. मागण्यांची नोंद सर्वांना दिसते आणि लहान-मोठ्यांना एकच भाव मिळतो. करार रुपयांत मिटतो. प्रत्यक्ष डॉलर बँकेतच विकावे लागतात.

येथील तरलता मुख्यत्वे चालू महिन्याच्या करारात एकवटलेली असते. दूरच्या महिन्यांत तफावत वाढते. त्यामुळे सहा महिन्यांचे संरक्षण हवे असणाऱ्यास अनेकदा दर महिन्याला करार पुढे ढकलावा लागतो आणि प्रत्येक वेळी खर्च येतो.

नियमांचा परिणाम

दोन्ही बाजारांत व्यवहार करणाऱ्या बँका भावांतील अंतर मिटवत असतात. जुलै २०१३ मध्ये रुपया घसरत असताना रिझर्व्ह बँकेने बँकांना वायद्यांत स्वतःच्या खात्यावर व्यवहार करण्यास मनाई केली. पुढील वर्षी हे निर्बंध शिथिल झाले. जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने रुपयाशी निगडित करारांसाठी प्रत्यक्ष चलनजोखीम असणे आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. १० कोटी डॉलरपर्यंत कागदोपत्री पुरावा मागितला जात नाही, तरी जोखीम असलीच पाहिजे. ही चौकट ३ मे २०२४ पासून लागू झाली आणि वायद्यांतील उलाढाल झपाट्याने आटली. सट्टेबाज बाजूला झाल्याने खऱ्या संरक्षणार्थीसमोरचा पक्षही कमी झाला.

परिणामी, मोठ्या रकमेसाठी हजर बाजार आणि बँकांचे मुदतीचे सौदे हाच मुख्य आधार राहतो. लहान उद्योजकाने मात्र सौद्यापूर्वी बँकेचा भाव, ‘एफएक्स-रिटेल’वरील भाव आणि संबंधित महिन्याच्या वायद्यातील तफावत व खुले करार यांची तुलना करणे हिताचे ठरते.