व्यसनोपचार समाजकार्य-प्रशिक्षण

मद्य वा मादक द्रव्ये यांच्या आहारी गेलेल्या व्यक्तीस व तिच्या कुटुंबास उपचारकाळात आणि त्यानंतर साहाय्य करण्यासाठी समाजकार्यकर्ते व समुपदेशक यांना दिले जाणारे पद्धतशीर शिक्षण. द्रव्याचा अंमल उतरविणे, ते बंद केल्यावर होणाऱ्या शारीरिक त्रासावर औषधे देणे ही कामे वैद्याची असतात. रुग्णाची कौटुंबिक व आर्थिक परिस्थिती समजावून घेणे, व्यसन सोडण्याचा त्याचा निश्चय दृढ करणे आणि त्यास कामधंद्यात व घरात पुन्हा स्थिर होण्यास मदत करणे, ही समाजकार्यकर्त्याची कामे होत. या प्रशिक्षणाचे उगम दोन : व्यावसायिक समाजकार्य आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींनी इतर व्यसनींना दिलेला हात. शिक्षणाने आलेले ज्ञान आणि स्वानुभवाने आलेले ज्ञान यांची सांगड कशी घालावी, हा या क्षेत्राच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पाश्चात्त्य देशांतील विकास : दानधर्मास शास्त्रीय बैठक देण्याच्या हेतूने न्यूयॉर्क येथे १८९८ मध्ये उन्हाळी वर्ग सुरू झाला. समाजकार्याच्या औपचारिक शिक्षणाचा आरंभ तेथून मानला जातो. मेरी रिचमंड (१८६१–१९२८) यांच्या सोशल डायग्नोसिस (१९१७) या ग्रंथाने व्यक्तिसहयोग कार्यास निश्चित पद्धती दिली. माहिती जमविणे, तिचा अर्थ लावणे व नंतर साहाय्याची योजना आखणे, हा तिचा क्रम होता. तत्पूर्वी १९०५ मध्ये रिचर्ड कॅबट या वैद्याने बॉस्टन येथील मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये समाजकार्यकर्त्यांची योजना करून वैद्यकीय समाजकार्याचा पाया घातला. रुग्णाचे घर व धंदा ठाऊक नसेल, तर औषध लागू पडणे कठीण, हा त्यामागील विचार होता.

दुसरा प्रवाहही बॉस्टनमध्येच दिसू लागला. तेथील इमॅन्युएल चर्चचे धर्मोपदेशक एल्वुड वुस्टर यांनी १९०६ मध्ये मानसिक उपचारांची चळवळ सुरू केली. तिच्यातून मद्यमुक्त झालेले कोर्टनी बेलर पुढे तेथेच वेतन घेऊन मद्यपींना साहाय्य करू लागले. व्यसनमुक्त व्यक्ती स्वतः उपचारक झाल्याचे हे एक प्रारंभीचे उदाहरण होय. १९३५ मध्ये ओहायओ राज्यातील ॲक्रन येथे बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ यांनी अल्कोहॉलिक्स अनॉनिमस या संघटनेचा पाया घातला. एका मद्यपीने दुसऱ्यास स्वतःची कहाणी सांगणे हे तिचे साधन होते. त्याचा मोबदला घ्यावयाचा नाही, असा तिचा दंडक होता. त्यामुळे तिच्या सदस्याने रुग्णालयात वेतन घेऊन समुपदेशक व्हावे काय, असा पेच पुढे निर्माण झाला.

येल विद्यापीठाने १९४३ मध्ये मद्यविषयक अभ्यासाचे उन्हाळी विद्यालय सुरू केले. ई. एम. जेलिनेक यांच्याशी निगडित असलेल्या या उपक्रमात विविध व्यवसायांतील लोक एकत्र शिकत. पुढील टप्पा मिनेसोटा राज्यातील विल्मर येथील सरकारी मनोरुग्णालयात आला. १९५० नंतरच्या दशकात तेथे डॉ. नेल्सन ब्रॅडली व मानसशास्त्रज्ञ डॅनियल अँडरसन यांनी वैद्य, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते व धर्मोपदेशक यांच्या बरोबरीने मद्यमुक्त व्यक्तींना उपचारपथकात स्थान दिले. १९५४ मध्ये राज्याच्या सेवाश्रेणीत मद्यासक्ती-समुपदेशक असे पदही निर्माण झाले. स्वानुभव ही नोकरीतील पात्रता ठरली, हे या घटनेचे महत्त्व होय.

मात्र स्वानुभवाच्या मर्यादाही दिसून आल्या. ज्या मार्गाने आपण मुक्त झालो तोच सर्वांचा मार्ग, असे समुपदेशकास वाटू शकते. शिवाय तणावाखाली तो स्वतः पुन्हा व्यसनाकडे वळण्याचा धोका असतो. उलटपक्षी केवळ पदवीधर कार्यकर्त्यास व्यसनी माणसाच्या सबबी व भीती यांचा अंदाज येत नाही. अमेरिकेत १९७० मध्ये मद्यासक्तीच्या उपचारांसंबंधी संघीय कायदा झाला. निधी वाढला तशी समुपदेशकांच्या प्रमाणीकरणाचीही मागणी वाढली. कार्ल रॉजर्स यांनी मांडलेली व्यक्तिकेंद्री समुपदेशनपद्धती व विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली प्रेरक मुलाखतपद्धती यांमुळे शिक्षणाचा रोखही बदलला. रुग्णाचा नकार मोडून काढण्यापेक्षा बदलाची इच्छा त्याच्याच तोंडून व्यक्त व्हावी, यावर भर आला. हे कौशल्य सरावाने साध्य होते. ते स्वानुभवी व पदवीधर या दोघांनाही शिकावे लागते.

भारतातील विकास : भारतात समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाडा या श्रमिक वस्तीत सेवाकेंद्र चालविले होते. त्यांच्याच संचालकत्वाखाली १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था नागपाड्यात सुरू झाली. १९४४ मध्ये तिला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. पुढे मुंबईचे निर्मला निकेतन (१९५५) व पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) यांनीही हे शिक्षण देण्यास प्रारंभ केला.

तथापि व्यसनोपचार हा या शिक्षणात बराच काळ गौण विषय राहिला. मुंबई दारूबंदी अधिनियमाच्या (१९४९) काळात मद्यपी हा प्रामुख्याने कायद्याचा विषय मानला जाई. मद्रास (चेन्नई) येथे १९८० मध्ये समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या शांती रंगनाथन यांनी मद्यासक्तीने मृत्यू पावलेल्या पतीच्या स्मरणार्थ उपचारसंस्था स्थापन केली. १९८० नंतर शहरांतून ‘गर्द’ या नावाने हेरॉइनचा प्रसार झाला, तेव्हा प्रशिक्षित कार्यकर्त्यांची उणीव तीव्रतेने जाणवली. अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ मध्ये संमत झाला. केंद्र शासनाने स्वयंसेवी संस्थांना व्यसनमुक्ती केंद्रांसाठी अनुदान देण्याची योजनाही १९८५-८६ पासून राबविली.

पुण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा अवचट व लेखक डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. येथे व्यसनमुक्त झालेले रुग्ण कार्यकर्ते म्हणून तयार होत गेले आणि त्यांच्या जोडीला प्रशिक्षित समुपदेशक काम करू लागले. रुग्णांच्या पत्नींचे ‘सहचरी’ गट हेही येथील कार्याचे वैशिष्ट्य होय. विल्मरमध्ये जुळून आलेले दोन प्रवाह महाराष्ट्रात अशा रीतीने स्थानिक रूपात एकत्र आले.

प्रशिक्षणाचे स्वरूप : अभ्यासक्रमात द्रव्यांचे परिणाम, व्यक्तिसहयोग कार्य, गटकार्य, कुटुंब-समुपदेशन, संबंधित कायदे, गोपनीयता व नोंदी ठेवण्याची पद्धत यांचा अंतर्भाव असतो. त्याचा कणा क्षेत्रकार्य हा होय. विद्यार्थी रुग्णालयात वा वस्तीत प्रत्यक्ष काम करतो, प्रत्येक मुलाखतीचा तपशील लिहितो व अनुभवी पर्यवेक्षकाबरोबर त्याची चर्चा करतो. रुग्णाबद्दलचा राग, दया किंवा त्यास वाचविण्याचा अट्टाहास या आपल्याच भावना ओळखणे, हा या चर्चेचा गाभा होय. स्वानुभवी कार्यकर्त्यासही पर्यवेक्षण तितकेच आवश्यक असते. कारण समोरच्याच्या कहाणीत त्यास स्वतःचीच कहाणी ऐकू येण्याचा संभव असतो.

सद्यःस्थिती : मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात (२०१७) मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशी संबंधित मानसिक अवस्थांचा समावेश आहे व मनोविकार समाजकार्यकर्त्याची शैक्षणिक पात्रताही निश्चित केलेली आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकविषयक अधिनियमातही समाजकार्यकर्त्यांचा अंतर्भाव झाला. गरज मात्र उपलब्ध मनुष्यबळाच्या पुष्कळ पुढे आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यासक्त असलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीस कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार वा साहाय्य मिळाले होते. ही उणीव केवळ पदवीधरांच्या किंवा केवळ व्यसनमुक्तांच्या बळावर भरून निघणारी नाही. अनुभवी कार्यकर्त्यास शिक्षण व पदवीधरास दीर्घ क्षेत्रकार्य मिळाले आणि दोघांनाही पर्यवेक्षण लाभले, तरच रुग्णाच्या हाती विसंबून राहण्याजोगा आधार येतो, असे या क्षेत्राचा इतिहास दर्शवितो.