वळीव की अवकाळी? साष्टीतील उन्हाळी वादळांचा शब्देतिहास

दिनांक १३ मे २०२४ रोजी, म्हणजे शके १९४६ च्या वैशाख शुद्ध षष्ठीस, दुपार कलल्यानंतर ठाणे व मुंबई उपनगरे यांवर धुळीचा पडदा पसरला. आकाश काळवंडले, वाऱ्याचे झोत सुटले आणि पाठोपाठ त्या वर्षीची पहिली सर आली. साडेचारच्या सुमारास घाटकोपर येथील छेडानगरात, पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर जाहिरातीचा एक प्रचंड लोखंडी फलक कोसळला. पावसापासून आसरा घेण्यासाठी थांबलेली माणसे व वाहने त्याखाली सापडली. सतरा जणांचा मृत्यू झाला आणि सत्तरांहून अधिक जखमी झाले. त्या सायंकाळच्या पावसास बातम्यांतून व बोलण्यातून जे नाव सर्रास मिळाले ते 'अवकाळी'. हे नाव कितपत यथार्थ होते, त्याच्या जागी कोणता शब्द आपल्या भाषेत होता, आणि शब्दाच्या या बदलाने काय साधले वा बिघडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. वाऱ्यांची नावे

मराठीत 'वादळ' हा सर्वसंग्राहक शब्द आहे. त्याचे मूळ 'वार्दल' या संस्कृत शब्दात दिसते. त्याचा अर्थ पावसाळी, अभ्राच्छादित दिवस असा होता. याच मुळापासून हिंदीत 'बादल' म्हणजे ढग हा शब्द आला. एकाच शब्दाने उत्तरेत मेघ दाखवावा आणि आपल्याकडे सोसाट्याचा वारा दाखवावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. आपल्या पूर्वजांच्या अनुभवात ढग व वारा हे एकत्रच येत असले पाहिजेत, असा तर्क करण्यास येथे जागा आहे. 'तुफान' हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे आपल्याकडे आला. 'चक्रीवादळ' हा तर अलीकडचा, शास्त्रीय लेखनाच्या गरजेतून रूढ झालेला समास होय. इंग्रजीतील त्याचा प्रतिशब्दही फार जुना नाही. तो हेन्री पिडिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात बसून घडविला.

'वळीव' मात्र सर्वस्वी देशी आहे. तो 'वळणे' या धातूशी जोडण्याचा प्रघात आहे. वैशाख-ज्येष्ठात, मोसमी पाऊस स्थिरावण्यापूर्वी, दुपारनंतर गडगडाटासह जो अल्पकाळ पण जोराचा पाऊस येतो त्यास हे नाव आहे. शंकर पाटील यांनी आपल्या कथासंग्रहास हेच नाव दिले, यावरून ग्रामीण मराठी मनात या शब्दाचे स्थान केवढे आहे हे दिसून येते. वळिवास तीन लक्षणे आहेत: तो पूर्वेकडून, डोंगराच्या बाजूने येतो, तो वाऱ्यानिशी येतो, आणि तो आपल्या वेळेस येतो. हे तिसरे लक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होय.

पावसाळ्याच्या दुसऱ्या टोकासही असेच एक नाव होते. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि परतीचा पाऊस विजांसह कोसळतो. लोक या नक्षत्रास 'हत्ती' म्हणतात. हादग्याच्या वेळी मुली हत्तीचे चित्र मांडून फेर धरतात, तो याच नक्षत्राचा. पोर्तुगीज खलाशांनी या देशी नावाचे आपल्या भाषेत शब्दशः भाषांतर केले आणि पश्चिम किनाऱ्यावरील त्या काळातील वादळांस 'एलिफंटा' असे नाव पडले. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याची नोंद आहे. घारापुरी बेटाचे एलिफंटा हे नाव याहून वेगळे असून ते तेथील पाषाणाच्या हत्तीवरून पडले. तात्पर्य, समुद्रावर ज्यांचे जीवित अवलंबून होते त्या परकीयांनीही येथील वादळ येथील पंचांगावरूनच ओळखले.

२. साष्टीचे ऋतुमान

आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही उपनगरे ज्या भूमीवर आहेत ती साष्टी. इ. स. १५३४ च्या तहाने ती पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ मध्ये मराठ्यांनी ती जिंकली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. राज्ये बदलली, तरी भातखाचरे, मिठागरे, ताडामाडांची आगरे व कोळीवाडे यांचा व्यवहार एकाच ऋतुचक्राने चालत राहिला. पावसाळ्याच्या तोंडास कोकणात 'आगोट' म्हणतात. आगोटीपूर्वी घरे शाकारावयाची, सरपण व गवत आत घ्यावयाचे, सुकी मासळी भरून ठेवावयाची आणि होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यावयाच्या, असा क्रम असे. मुलुंड, भांडुप, कांजूर येथील मिठागरांत काम करणाऱ्या आगरी कुटुंबांस वळिवाचे भय विशेष असे, कारण वाफ्यात पिकलेले मीठ एका सरीत विरघळून जाई. येथे वळीव ही काव्यातील कल्पना नव्हती. ती नफ्यातोट्याची बाब होती. ज्याचे नाव ठाऊक आहे व ज्याचा महिना ठाऊक आहे, त्याच्या स्वागताची सिद्धता करता येते. 'वळीव' या शब्दात ही सिद्धता गृहीत धरलेली आहे.

पुढे १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे लोहमार्ग साष्टीतून गेला. १९५० व १९५७ अशा दोन टप्प्यांत दहिसर-मुलुंडपर्यंतची गावे बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. खाचरे बुजली, मिठागरांपैकी पुष्कळ बंद पडली. ज्या व्यवसायांनी वळिवाची आठवण ठेवली होती ते आटत गेले आणि त्यांच्याबरोबर तो शब्दही नागर बोलीतून मागे सरला.

३. वारा आणि धूळ

वळिवाच्या वाऱ्याची उपपत्ती आता सुविदित आहे. उन्हाने तापलेल्या जमिनीवरील दमट हवा वर चढते आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडील भागात दुपारनंतर उत्तुंग गर्जन्मेघ तयार होतात. त्यांतून पाऊस पडू लागला की त्याच्या बाष्पीभवनाने आसपासची हवा थंड व जड होते, वेगाने खाली येते आणि जमिनीवर आदळून चोहोंकडे पसरते. पावसाच्या पुढे धावणारा गार वाऱ्याचा झोत तो हाच. वाटेत जमीन उघडी असेल तर तो धूळ उचलतो.

या धुळीच्या भिंतीस मात्र किनारपट्टीच्या मराठीत स्वतंत्र नाव नाही. उत्तर हिंदुस्थानात 'आंधी' आहे. अंध या शब्दाशी तिचे नाते असून दिवसाढवळ्या अंधार करणारी ती आंधी. देशावर 'वावटळ' आहे, पण ती भोवऱ्यासारखी फिरणारी, शेताच्या बांधाएवढी गोष्ट. साष्टीत वैशाखातही खाडी, खारफुटी, आगरे व जंगल यांनी जमीन झाकलेली असे. तेथे वाऱ्यास उचलण्याजोगी धूळ पुरेशी नव्हती, म्हणून शब्दही नव्हता. 'धुळीचे वादळ' हा जोडशब्द आपल्याला वापरावा लागतो याचा अर्थ ती धूळ नवी आहे, असे मला वाटते.

ही नवी धूळ दोन ठिकाणांहून येते. एक, दूरच्या वाळवंटांतून. मार्च २०१२ मध्ये अरबस्तानाकडील आणि २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानाच्या बाजूकडील धुळीने मुंबई झाकोळली होती. ती धूळ समुद्र ओलांडून आली, परंतु तिच्यात वळिवाचा जोर नव्हता. दुसरी धूळ घरची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेने बांधकामांवरील धूळ रोखण्यासाठी नियमावली काढली, तेव्हा शहरात सुमारे सहा हजार ठिकाणी बांधकामे चालू असल्याचे पालिकेनेच सांगितले होते. वाळवंटीकरण हा शब्द आपण मराठवाड्यातील वा राजस्थानातील जमिनीपुरता वापरतो. परंतु उकरलेली, उघडी व निर्वृक्ष जमीन साष्टीतही आहे, आणि वाऱ्याच्या दृष्टीने तिच्यात व वाळवंटात फारसा भेद नाही.

४. अस्मानी आणि सुलतानी

आता घाटकोपरकडे वळू. कोसळलेला फलक १२० फूट लांब व तितकाच उंच होता. महानगरपालिकेच्या नियमाप्रमाणे ४० फूट बाय ४० फूट ही कमाल मर्यादा होती. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील असल्याने परवानगीचा प्रश्न दोन कार्यालयांच्या मध्ये लोंबकळत राहिला. वीरमाता जिजाबाई तंत्रशास्त्र संस्थेने दिलेल्या अहवालानुसार मुंबईतील अशी रचना ताशी १५८ किलोमीटर वेगाचा वारा सोसेल अशी हवी, हा फलक ताशी ४९ किलोमीटरपर्यंतच टिकणारा होता, आणि त्या दिवशीच्या झोताचा वेग ताशी ८७ किलोमीटर होता. त्याच सायंकाळी वडाळ्यास वाहनतळाचा लोखंडी सांगाडा पडला, ठाणे-मुलुंड दरम्यान लोहमार्गावरील विजेचा खांब वाकला, आणि विमानतळावरील वाहतूक सुमारे तासभर थांबली. म्हणजे वारा जोराचा होता यात संशय नाही. परंतु जो वेग अभियंत्यांनी गृहीत धरलेला आहे त्याच्या जवळपास निम्माच तो होता.

असे असता, फलक उभारणाऱ्यांच्या बाजूने न्यायालयात ही घटना ईश्वरी कृती असल्याचा बचाव मांडण्यात आला. येथे मराठीतील एक जुना शब्दयुग्म आठवल्यावाचून राहत नाही. 'अस्मानी-सुलतानी' हे ते युग्म. आकाशातून कोसळणारी आपत्ती ती अस्मानी आणि राज्यकर्त्यांकडून ओढवणारी ती सुलतानी. समर्थ रामदासांचे याच नावाचे एक प्रकरण आहे. जुन्या काळी वसुलीच्या करारांत हे दोन शब्द येत, कारण अशी आपत्ती ओढवल्यास सूट मिळावी अशी सोय करावी लागे. या युग्माचा उच्चार आपण एका दमात करतो. परंतु ते शब्द दोन आहेत ही गोष्ट महत्त्वाची आहे. जुना कारकून नुकसान कोणत्या सदरात टाकावयाचे हा प्रश्न विचारू शकत होता, कारण भाषेने त्यास दोन सदरे दिली होती.

'अवकाळी' हा शब्द ही दोन सदरे पुसून टाकतो. फाल्गुनात, गहू-हरभरा काढणीस आला असता गारा पडतात तेव्हा शेतकऱ्याने वापरलेला 'अवकाळी' हा शब्द अगदी यथार्थ आहे. त्याच्या मदतीचा दावाही त्या शब्दावर उभा असतो, आणि तो त्यास मिळालाच पाहिजे. परंतु तोच शब्द वैशाखातील साष्टीस लावला की त्याचा अर्थ बदलतो. अवकाळी म्हणजे ज्याची अपेक्षा नव्हती ते. ज्याची अपेक्षा नव्हती त्याची सिद्धता नसली तर दोष कोणाचा, हा प्रश्नच मग उरत नाही. वळीव म्हटले की तो प्रश्न उरतो.

अर्थात केवळ शब्द बदलल्याने सतरा माणसे वाचली नसती. फलकाचा पाया तितकाच कच्चा राहिला असता. तथापि चौकशी, परवानगी, तपासणी हे सर्व व्यवहार अखेर भाषेतूनच होतात. मे महिन्यापूर्वी फलक, छपरे, झाडे व परांच्या तपासून घेण्याचे काम हे शहराच्या आगोटीचे काम आहे, असे ज्या दिवशी कार्यालयीन मराठीत लिहिले जाईल, त्या दिवशी त्याची तारीखही लिहावी लागेल. ती तारीख शोधण्यास कष्ट नाहीत. सूर्य कृत्तिका नक्षत्रात दरवर्षी ११ मेच्या सुमारास जातो. घाटकोपरचा वळीव त्यानंतर दोनच दिवसांनी आला होता.