निजामाची खाण आणि लंडनचा डाव

जुगार म्हटला की फासे, पत्ते, नाही तर सोडतीचे तिकीट डोळ्यांपुढे येते. सरकार स्वतः डावात उतरते तेव्हा फासे दिसत नाहीत. सनदा आणि मोहोरा दिसतात. आमचे हे शहर 1948 पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्या संस्थानाने लंडनच्या शेअरबाजारात खेळलेल्या एका डावाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

जानेवारी 1886 मध्ये वॉट्सन आणि स्ट्यूअर्ट या दोन इंग्रज गृहस्थांना संस्थानातील खनिजांचा मक्ता मिळाला. सिंगरेणीकडे कोळसा आहे हे त्याआधीच ठाऊक झाले होते. निजाम महबूब अली खान तेव्हा अवघे 19 वर्षांचे. दिवाण दुसरे सालारजंग त्यांच्याहून थोडेच मोठे. व्यवहार जुळविला तो अब्दुल हक, म्हणजे सरदार दिलेर जंग, यांनी. 1883 मधील निजामाच्या रेल्वेचा करारही यांच्याच हातून झालेला. त्याच रेल्वे कंपनीने 1900 च्या सुमारास मनमाडहून आमच्या गावावरून गाडी नेली, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता कंपनीची रचना पाहावी. भांडवल 10 लक्ष पौंड, शेअर 10 पौंडांचा, एकूण शेअर 1 लक्ष. पैकी 85,000 शेअर रोख रक्कम न देता मक्तेदारांच्या पदरात पडले, आणि त्या फुकटच्या शेअरांत अब्दुल हक यांचाही गुप्त वाटा होता. पुढे संस्थानाने कंपनीचे शेअर घ्यावे असे ठरले, तेव्हा बाजारातून खरेदी केल्याचे दाखवून या गृहस्थांनी आपल्याच जवळचे शेअर सरकारच्या गळ्यात बांधले, तेही दर्शनी किमतीहून चढ्या भावाने! विकणारा तोच, घेणाऱ्याचा मुखत्यारही तोच. पैसा कोणाचा? गंगापूर-वैजापूरच्या शेतकऱ्याने भरलेला साराही त्याच खजिन्यात जात होता.

येथे कोणी म्हणेल, अंधेर नगरीत दुसरे काय व्हायचे? पण हा करार अंधारात झालेला नव्हता. त्याचा मसुदा रेसिडेन्सी, हिंदुस्थान सरकार आणि लंडनचे इंडिया ऑफिस या तिन्ही चाळण्यांतून गेलेला होता. कलमे पारखली गेली; मक्तेदारांचे आणि मध्यस्थाचे आपसांत काय देणेघेणे आहे, हे मात्र व्यवहार पुरा झाल्यावर बाहेर आले. आमच्या मते दोष येथे आहे. तिघांनी सही केली की प्रत्येकाला वाटते, चौकशी दुसऱ्याने केलीच असेल.

1888 मध्ये बोभाटा झाला. अब्दुल हक निलंबित झाले, आणि ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेने चौकशी समिती नेमली. सालारजंगांनी 1887 मध्येच दिवाणगिरी सोडली होती. म्हणजे जाब विचारला गेला तो हैदराबादच्या रयतेचा एकही प्रतिनिधी नसलेल्या सभेत. संस्थानात विचारणार कोण? कायदेमंडळ निवडण्याचा हक्कच रयतेला नव्हता. कोळसा मात्र खरा निघाला, आणि खाणी चालल्या. फसवणुकीसाठी माल खोटाच असावा लागतो असे नाही.

आज आम्हांला मताचा हक्क आहे. महाराष्ट्र शासनाची सोडत 1969 पासूनची. 1998 च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना वितरकांमार्फत तिकिटे विकण्याची मुभा दिली. त्याखालचे नियम यायला 2010 उजाडले. वितरकाची पारख करण्याचे काम राज्य सरकारचेच. मार्च 2024 मध्ये निवडणूक रोख्यांचा हिशेब उघड झाला, तेव्हा सर्वांत मोठी खरेदीदार एक सोडत-वितरक कंपनीच निघाली : फ्यूचर गेमिंग, 1,368 कोटी रुपये. तिच्यावर केंद्रीय यंत्रणांची चौकशी आधीपासून चालू होती. रोखे घेणे तेव्हा कायदेशीर होते, हे खरे. पण ज्या वितरकाची पारख सरकारने करावयाची, त्याच्याकडून पक्ष देणगी घेतो, हे मतदाराला कळले ते सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ती योजना रद्द करून यादी मागविली म्हणून. कोणत्याही विधानसभेने विचारले म्हणून नव्हे.