आयनांबर : अनुमान आणि प्रचीती



धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हा न्यायशास्त्रातील प्रसिद्ध दृष्टान्त. मी भाषेचा अध्यापक; तरीही विज्ञानाच्या इतिहासातील एक प्रकरण मला या दृष्टान्ताचे भाष्यच वाटत आले आहे.

इंग्लंडमधील पोल्ड्यू येथून पाठविलेला बिनतारी संकेत १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकू आला, असे मार्कोनी यांनी सांगितले. रेडिओ तरंग प्रकाशासारखेच सरळ जाणारे, आणि पृथ्वी तर गोल. मग तीन हजारांहून अधिक किलोमीटरांचे हे अंतर त्यांनी कापले कसे? १९०२ मध्ये अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे सुचविले की, उंच वातावरणात विद्युत्‌वाहक थर असावा व त्याने तरंग भूपृष्ठाकडे परतत असावेत. हेविसाइड यांनी सोळाव्या वर्षी शाळा सोडली होती. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

गणिती वॉटसन यांनी १९१८ मध्ये दाखविले की, पृथ्वीच्या कडेवरून तरंग आपोआप वळतात असे मानले, तर दूरचे संकेत प्रत्यक्षाहून फारच क्षीण येतात. पुढील वर्षी त्यांनी त्याच गोलाभोवती वाहक कवच कल्पिले आणि गणित निरीक्षणांशी जुळले. तथापि जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.

ती प्रचीती डिसेंबर १९२४ मध्ये आली. ॲपल्टन आणि बार्नेट यांनी बोर्नमथच्या प्रक्षेपकाची तरंगलांबी सावकाश बदलवून ऑक्सफर्ड येथे संकेताचे चढउतार मोजले. जमिनीलगत येणारा व वरून परतणारा, अशा दोन तरंगांच्या मिलाफाने ते घडत होते. त्यांवरून थराची उंची सुमारे ९० किलोमीटर निघाली. तो निष्कर्ष मार्च १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. हेविसाइड ३ फेब्रुवारीलाच निवर्तले होते.

१९४७ मध्ये ॲपल्टन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र यांचा उच्च वातावरणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला व जगभर प्रमाण मानला गेला.

विद्यार्थिमित्रांनो, वॉटसन यांचे पहिले गणित चुकले नव्हते. त्याचे गृहीतक अपुरे होते, आणि ते त्यांनी स्वतःच बदलले. आपले अनुमान कसोटीला लावण्याचे हे धैर्य शाळेने द्यावयाचे असते, पदवी नंतरची.