न्यायालयाबाहेरची न्यायिक कार्यवाही

एखाद्या जमिनीवर सरकारही हक्क सांगतं आणि शेतकरीही. मग रीतसर चौकशी लागते. ती करतो महसूल अधिकारी, न्यायाधीश नव्हे. तरी तिथे खोटी साक्ष दिली तर ती न्यायालयात दिल्यासारखीच धरली जाते, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अशा चौकशीला न्यायिक कार्यवाही ‘मानते’. ही युक्ती तिची स्वतःची नव्हे. 1879 च्या मुंबईच्या महसूल कायद्यातच ती होती.

तिचं मूळ शपथेत सापडतं. कंपनी सरकारच्या न्यायालयांत हिंदूला गंगाजलाची आणि मुसलमानाला कुराणाची शपथ घ्यावी लागे. लोक बिचकत, कामं अडत. 1840 च्या कायद्याने त्याऐवजी गंभीर प्रतिज्ञा पुरेशी ठरवली. पुढे 1860 च्या दंड संहितेने खोट्या साक्षीची किंमत ठरवली: न्यायिक कार्यवाहीत दिली तर सात वर्षांपर्यंत कैद, इतरत्र तीन. फरक चार वर्षांचा, आणि तो ज्या शब्दांवर टांगलेला, त्यांची व्याख्या मात्र संहितेत नव्हती! लष्करी न्यायालयातला खटला त्यात येतो, हे तिथे आवर्जून सांगितलं होतं.

व्याख्या सापडते फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात. 1898 च्या संहितेने सांगितलं की ज्या कार्यवाहीत कायद्याने शपथेवर पुरावा घेतला जातो किंवा घेता येतो, तीही न्यायिक कार्यवाहीच. इमारत, झगा, हातोडा यांचा उल्लेखसुद्धा नाही. 1973 मध्ये आणि नंतर 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेतही हीच व्याख्या कायम राहिली.

कायदे करणाऱ्यांना यात सोय दिसली. अधिकाऱ्याला न्यायाधीश करायची गरज नाही. त्याच्यापुढच्या चौकशीला न्यायिक कार्यवाही मानलं की झालं. चौकशी आयोगांच्या 1952 च्या कायद्यात ही ओळ आली, 1962 च्या सीमाशुल्क कायद्यातही. माझ्या मते इथे वारसा अर्धाच आला. खोटं बोलणाऱ्याला न्यायालयातली शिक्षा आहे, पण समोरचा अधिकारी तटस्थ नाही. तोच तपास करतो आहे. आपल्याला खरं बोलायची सक्ती होती, नाहीतर शिक्षेची धमकी होती, म्हणून सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढचा जबाब ग्राह्य धरू नये, असा युक्तिवाद मुंबईच्या एका प्रकरणात आरोपीतर्फे सर्वोच्च न्यायालयापुढे झाला. 1971 मध्ये तो फेटाळला गेला: ही सक्ती कायद्याची आहे, अधिकाऱ्याने घातलेली भीती नव्हे.

मनी लाँडरिंगविरोधी 2002 च्या कायद्याचं कलम 50 याच कुळातलं. ईडीने, म्हणजे सक्तवसुली संचालनालयाने, समन्स काढून बोलावलं की जावं लागतं, खरं सांगावं लागतं, आणि ती कार्यवाही न्यायिक मानली जाते. जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं. ईडीचे अधिकारी पोलीस नव्हेत, असंही त्याच निकालात म्हटलं आहे. त्यामुळे पोलिसांपुढच्या कबुलीला मिळणारं संरक्षण या जबाबांना आपोआप मिळत नाही.