मेकाँग त्रिभुज प्रदेशातील लवणप्रवेश

मेकाँग नदीच्या मुखांतून व कालव्यांतून समुद्राचे खारे पाणी दक्षिण व्हिएतनामच्या सखल भागात शिरण्याची प्रक्रिया. सुमारे 40,000 चौ. किमी. क्षेत्राच्या या प्रदेशाची समुद्रसपाटीपासूनची सरासरी उंची 1 मी.हूनही कमी असून देशातील जवळजवळ निम्मा तांदूळ येथे पिकतो.

प्रक्रिया : खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असल्याने ते नदीच्या तळालगत आत सरकते. भरती त्याला आत रेटते, तर नदीचा प्रवाह मागे लोटतो. डिसेंबर ते मे या कोरड्या काळात प्रवाह रोडावतो आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास खारे पाणी सर्वांत आत पोहोचते. पुराच्या वेळी कंबोडियातील तोनले साप सरोवरात साठलेले पाणी या काळात नदीत उतरून गोड्या प्रवाहाला आधार देते.

धरणे : चीनमध्ये मेकाँगच्या वरच्या टप्प्यावरील मानवान धरण 1993 मध्ये सुरू झाले. पुढे श्याववान व नुओझादू ही महाकाय धरणे झाली. वीजनिर्मितीसाठी ती कोरड्या काळात पाणी सोडतात. त्यामुळे त्या काळातला सरासरी प्रवाह वाढतो व खारे पाणी रोखण्यास मदतच होते. मात्र पूर कमी झाल्याने तोनले साप पुरेसे भरत नाही. अधिक दूरगामी परिणाम गाळाचा आहे. पूर्वी नदी वर्षाला सुमारे 16 कोटी टन गाळ आणत असे. त्यातील मोठा भाग आता जलाशयांतच अडकतो. त्यात बांधकामासाठी वाळूचा बेसुमार उपसा होतो. पात्र खोल होत गेल्याने भरती अधिक जोराने आत येते आणि प्रवाह तेवढाच असला तरी खारे पाणी पूर्वीपेक्षा दूरवर जाते.

समुद्र व भूमी : जागतिक समुद्रपातळी वर्षाला 3 ते 4 मिमी. वाढत आहे. भूजल उपशामुळे येथील जमीन अनेक ठिकाणी वर्षाला 1 सेंमी.हून अधिक वेगाने खचते. त्यामुळे समुद्र व जमीन यांच्या पातळीतील फरक दोन्ही बाजूंनी घटतो.

परिणाम : पाण्यात लिटरमागे 4 ग्रॅम मीठ झाले की भाताचे मोठे नुकसान होते. एल निनोच्या 2015-16 च्या दुष्काळात सुमारे 90 वर्षांतील सर्वांत तीव्र लवणप्रवेश झाला. मार्च 2020 मध्ये बेन त्रे, का माउ यांसह पाच प्रांतांत आणीबाणी जाहीर झाली. पिण्याच्या पाण्याचीही टंचाई निर्माण झाली.

उपाय : बा लाई आणि काइ लॉन–काइ बे येथे दरवाजे असलेले बांध घातले आहेत, मात्र दरवाजे मिटले की सांडपाणी आत तुंबते व माशांची ये-जा थांबते. पावसाळ्यात भात व कोरड्या काळात त्याच शेतात कोळंबी ही पद्धत किनारी भागात रूढ आहे. व्हिएतनाम सरकारच्या 2017 च्या ठराव क्र. 120 ने खारे व मचूळ पाणीही संसाधन मानले. बांध खारे पाणी अडवू शकतात, हरवलेला गाळ परत आणू शकत नाहीत; त्यासाठी वाळूउपशावर नियंत्रण आणि वरच्या देशांशी करार लागतो. या नदीसाठी 1995 मध्ये स्थापन झालेल्या मेकाँग नदी आयोगाचा चीन सदस्य नाही.